वासाचें कुंपण

बागेची हकीकत सांगणारे बहुधा पाण्यापासून आरंभ करतात, आणि तें योग्यच आहे. परंतु पाणी आलें कीं झाड येतें, झाड आलें कीं फळ येतें, आणि फळ आलें कीं तें खावयास निमंत्रणावांचून येणारे पाहुणेही येतात. त्या पाहुण्यांना बाहेर ठेवण्यासाठीं माळ्यांनीं व कुणब्यांनीं काय काय उपाय केले, हें तवारिखांत सहसा लिहिलेलें आढळत नाहीं. त्यांतलाच एक उपाय म्हणजे उग्र वासाच्या वनस्पती लावून जनावरांना परतवणें. या उपायावर लोकांचा विश्वास फार जुना आहे. तो कितपत खरा ठरला, आणि जेथें खरा ठरला तेथें कोणत्या कारणानें, हें पाहण्यासारखें आहे.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, हें शहर या विषयाला सोयीचें आहे. १६१० त मलिक अंबरानें खडकी या गांवीं हें शहर वसविलें. गांवाचें नांवच खडकी. खालीं काळा दगड आणि उन्हाळ्यांत आटणारी खाम नदी. अंबरानें उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशीं झिरपणारें पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरांत आणलें. हीच ती नहर-ए-अंबरी. अंबर १६२६ त वारला. पुढें शाहजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार असतांना १६५३ त शहराला त्याचें नांव मिळालें, आणखी नहरी निघाल्या, आणि पाण्याच्या मागोमाग बागा पसरल्या. राबिया-उद्-दौरानीचा मकबरा १६६० च्या सुमारास उभा राहिला, तोही चौकोनी बागेच्या मधोमध. दिल्ली दरवाजाजवळची हिमायत बाग मोंगल अमदानींतलीच. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की १७४४ ची; तिचें पाणीही अशाच नहरीनें लांबून आणलेलें आहे.

मकबऱ्याच्या बागेला चहूंकडून उंच भिंत आहे. शाही बागेचें रक्षण भिंत करते आणि दरवाजावर पहारेकरी बसतो; तिला वासाची गरज पडत नाहीं. पण शहराबाहेर पेरूची, अंजिराची किंवा भाजीपाल्याची लहानशी बाग करणाऱ्या माळ्याला दगडी भिंत कोठून परवडणार? त्याच्याकडे दिवसा शेळ्या व मोकाट गुरें येतात, वानरें येतात. रात्रीं ससा, साळू आणि डुक्कर यांची पाळी. पिकलेल्या फळाला वटवाघूळ, मुळाला घूस, आणि डोळ्यांना न दिसणारे किडे तर असंख्य. या सर्वांवर त्याचें एकच साधन, तें म्हणजे कुंपण. आणि कुंपणाला जें झाड फुकट मिळेल, पाण्यावांचून जगेल व जनावर खाणार नाहीं, तेंच त्याच्या कामाचें.

दौलताबादच्या डोंगरांत फिरणाऱ्याला असें झाड लगेच दिसतें. तेथलीं सीताफळें प्रसिद्ध आहेत. हें झाड मूळचें अमेरिकेंतलें. तें या कोरड्या टेकड्यांवर जणूं इथलेंच असल्यासारखें माजलें, याला जमिनीइतकीच त्याची पानेंही कारण आहेत. पान चुरगळलें तर उग्र वास येतो, आणि शेळी-मेंढी सहसा त्याला तोंड लावीत नाहीं. जेथें बोरीचा आणि बाभळीचा शेंडा दर वर्षीं चरला जातो, तेथें सीताफळीचा पाला शाबूत राहतो. त्याचें बीं कुटून उवा मारण्यास वापरीत, हें जुन्या बायकांना ठाऊक असे. डोळ्यांत गेलें तर तें डोळ्यांना फार घातक, हेंही त्याच सांगत.

अडुळशाची गोष्ट याहून बोलकी आहे. वनस्पतिशास्त्रांत १७५३ पासून लिनियसनें दिलेल्या ज्या नांवानें हें झाड ओळखलें जातें, त्यांतील ‘अधाटोडा’ हा शब्द लॅटिन नाहीं, ग्रीकही नाहीं. तो ‘आडु तोडा’ या तामिळ शब्दांवरून आलेला आहे, आणि त्याचा अर्थ ‘शेळी न शिवणारें’ असा होतो. स्वीडन देशांतल्या पंडितानें जगासाठीं नोंदविलेल्या नांवांत दक्षिणेंतल्या कोण्या धनगराचें निरीक्षण असें कायमचें बसलें. महाराष्ट्रांत अडुळसा खोकल्यावरचें औषध म्हणून घराघरांत माहीत आहे. पण बांधावर तो लावण्याचें कारण खोकला नव्हे. ज्या कडू द्रव्यामुळें काढा घशाखालीं उतरत नाहीं, त्याच द्रव्यामुळें शेळी तोंड फिरवते. ओढ्याकांठची निर्गुडीही त्याच जातीची रखवालदार. तिचा वास अडुळशाहून तीव्र. सांधे धरले असतां तिच्या पाल्याचा शेक देतात, धान्यांतही तो पाला घालतात.

येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. शेळी अडुळसा खात नाहीं, म्हणून अडुळशाचें कुंपण मोडत नाहीं, आणि दाट कुंपण असल्यामुळें तिला आंत शिरतां येत नाहीं. यांत वासानें शेळी पळाली असें कोठेंच झालें नाहीं. कुंपणांत एक फट ठेवावी आणि आंत कोवळी भाजी असावी. शेळी अडुळशाला अंग घांसून खुशाल आंत जाते. पिढ्यान् पिढ्या कुंपण टिकलेलें पाहून लोकांनीं मात्र श्रेय वासाला दिलें. डोळ्यांपुढें पान होतें, नाकाला वास येत होता, आणि शेळी बाहेर होती. तेव्हां असा तर्क होणें अगदीं स्वाभाविक होतें.

प्राचीन ग्रंथकारांनीं मात्र हा घोटाळा फारसा केलेला दिसत नाहीं. सुरपालाचा ‘वृक्षायुर्वेद’ हा सुमारें हजार वर्षांपूर्वींचा ग्रंथ. त्याची हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डच्या ग्रंथालयांत पडून होती. नलिनी साधले यांनीं तिचें इंग्रजी भाषांतर केलें आणि १९९६ त तें सिकंदराबादेहून प्रसिद्ध झालें. झाडांच्या किडीवर सुरपाल वावडिंग, मोहरी, हिंग, वेखंड अशा उग्र द्रव्यांची धुरी सांगतो, लेप सांगतो. म्हणजे द्रव्य कुटावयाचें, जाळावयाचें, झाडाच्या अंगाला माखावयाचें. नुसतें झाड शेजारीं उभें करून त्याच्या वासानें कीड जाईल, असा भरवसा तो देत नाहीं. घरांतल्या अनुभवाचाही हाच दाखला आहे. पोथीच्या बासनांत वेखंडाचा तुकडा ठेवला तर कसर लागत नाहीं. धान्याच्या कणगींत कडुलिंबाचा पाला घातला तर किडे कमी होतात. बासन बंद असतें, कणगी लिंपलेली असते. वास आंत कोंडून राहतो आणि आपलें काम करतो. बागेला छप्पर नसतें. मराठवाड्यांतल्या मोकळ्या माळावर वारा सुटला म्हणजे वेखंडाचा वास कोठल्या कोठें जातो.

तुळशीची हकीकत या बाबतींत पाहण्यासारखी आहे, आणि ती मुंबईची आहे. १८६२ त भायखळ्याला व्हिक्टोरिया गार्डन, म्हणजे आपली राणीची बाग, खुली झाली. आज तिला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात. या कामांत डॉक्टर जॉर्ज बर्डवुड पुढें होते. हे गृहस्थ १८३२ त बेळगांवांत जन्मलेले, ग्रांट मेडिकल कॉलेजांत अध्यापक, आणि हिंदी कलाकौशल्याचे मोठे चाहते. ते १८६८ त विलायतेला परत गेले. पुढें १९०३ त त्यांनीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत एक पत्र लिहिलें. त्याचा आशय असा कीं, बागेचें काम चाललें असतां मजुरांना डांसांचा अतिशय त्रास होत होता. तेथल्या हिंदू व्यवस्थापकांच्या सल्ल्यावरून बागेच्या सर्व सीमेवर तुळस लावली, आणि लगेच डांस हटले व तेथें राहणाऱ्या माळ्यांचा तापही गेला.

हें पत्र फार गाजलें. आजही तुळशीचे गुण गाणाऱ्या पुस्तकांत तें आढळतें, आणि एका साहेबानें आमच्या तुळशीला प्रशस्तिपत्र दिलें याचा आनंदही त्या लिहिण्यांत लपत नाहीं. पत्राच्या वेळेकडे मात्र थोडेच लक्ष देतात. त्याच्या सहाच वर्षें आधीं, २० ऑगस्ट १८९७ रोजीं, निजामाच्या राज्यांतल्या सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनीं डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतू पाहिले होते. डांस आणि ताप यांचा संबंध नुकताच जगाला कळला होता आणि जो तो डांसांवर उपाय शोधीत होता. अशा वेळीं सत्तरीच्या म्हाताऱ्यानें चाळीस वर्षांपूर्वींची आठवण सांगितली. बर्डवुड खोटें बोलले, असें कोणी म्हणणार नाहीं. पण बागेचें काम म्हणजे खणाखणी. खड्ड्याखड्ड्यांतून पाणी सांचतें आणि त्यांत डांस होतात. काम संपलें, खड्डे बुजले, जमीन सारखी झाली, कीं डांस कमी होणारच. आणि नेमकी त्याच सुमारास तुळस वाढून कमरेइतकी झालेली असणार. कशानें काय झालें, हें केवळ आठवणीवरून ठरवितां येत नाहीं. अलीकडच्या प्रयोगांत तुळशीच्या वंशांतल्या कांहीं झाडांनीं डांसांची ये-जा थोडीबहुत कमी केलेली दिसली आहे; पानें चुरून लावलीं किंवा जाळलीं तर अधिक, तेंही थोडाच वेळ. हिंवतापाला घालवील एवढें तें सामर्थ्य नव्हे. तुळशीच्या भरवशावर दारापुढचें डबकें तसेंच ठेवणाऱ्याला त्याची किंमत आपल्या किंवा मुलाबाळांच्या अंगावर मोजावी लागते.

यांत तुळशीचा अपमान मुळींच नाहीं. तिची जागा वृंदावनांत आहे, आणि तिचाच भाऊबंद सब्जा खुलताबादच्या कबरींवर लावतात. तेथें १७०७ त पुरलेल्या औरंगजेबाच्या उघड्या कबरीच्या मातींतही सब्जाच वाढतो. एका वंशाच्या दोन सुगंधी झाडांना दोन समाजांनीं अंगणांत आणि स्मशानांत असा मान दिला, तो राखण करणारीं म्हणून नव्हे. शेळी सुटली तर ती तुळस खाते, हें प्रत्येक गृहिणीला माहीत आहे.

सापांविषयींचा समज तर याहून हट्टी. नागदवणा लावला कीं साप येत नाहीं, असें गांवोगांवीं सांगतात. पण नागदवणा म्हणजे कोणतें झाड, याविषयींच एकमत नाहीं. कोठें दवण्याच्या जातीचें झाड दाखवितात, तर कोठें पांढऱ्या फुलांचा जाड कांदा. दोघांचा वास वेगळा, कुळ वेगळें, गुण वेगळे; कीर्ति मात्र एकच. साप येतो तो उंदरांमागें. धान्य सांडलेलें असेल, अडगळीचा ढीग असेल, तर नागदवण्याच्या बुंध्याशींही तो निवांत बसेल.

आतां परदेशांतून समुद्रमार्गें आलेल्या दोन झाडांकडे वळूं. एक झेंडू, दुसरी घाणेरी. दोन्हीं मूळचीं अमेरिका खंडांतलीं.

झेंडूवांचून आज दसरा होत नाहीं, इतका तो आपला झाला आहे. त्याच्या पानांना तीव्र वास असतो, म्हणून भाजीच्या वाफ्यांभोंवतीं झेंडू लावला तर किडा येत नाहीं, असा समज सर्वत्र पसरला. शास्त्रज्ञांनीं शोध केला तेव्हां झेंडूचा उपयोग खरा निघाला, पण भलत्याच ठिकाणीं. १९५८ त हॉलंडमधील संशोधकांनीं झेंडूच्या मुळांतून असें द्रव्य वेगळें काढलें कीं तें जमिनींतल्या सूत्रकृमींना मारतें. हे कृमी डोळ्यांना दिसत नाहींत. वांग्याच्या व टोमॅटोच्या मुळांवर गांठी आणतात, आणि झाड कां खंगलें हें माळ्याला कळत नाहीं. म्हणजे झेंडूचें काम जमिनीखालीं चालतें. फुलाच्या किंवा पानाच्या वासाशीं त्याचा संबंध नाहीं. त्यासाठीं एखादें रोप कोपऱ्यांत लावून भागत नाहीं; सबंध वाफ्यांत झेंडूचें पीक घ्यावें लागतें. दुसरा शोध बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेंतला, आणि तो तर उलटाच. टोमॅटोच्या १६ ओळींमागें झेंडूची एक ओळ लावावी. टोमॅटोचें रोप २५ दिवसांचें तर झेंडूचें ४० दिवसांचें असावें, म्हणजे दोघांना फुलें एका वेळीं येतात. मग फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग टोमॅटो सोडून झेंडूवर अंडीं घालतो. तात्पर्य, झेंडू पतंगाला हांकलीत नाहीं, बोलावतो! शतकानुशतकें पहारेकरी म्हणून ज्याला उभें केलें, तो खरें पाहतां सांपळ्यांतलें आमिष ठरला, आणि माळ्याचा फायदा त्यांतच झाला.

घाणेरीचें नांवच तिच्या वासावरून पडलें आहे. कोठें तिला टणटणी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ती कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानांत शोभेची म्हणून आली. पिवळीं-तांबडीं फुलें, खरखरीत पान, अंगाला बारीक कांटे, आणि वास असा कीं गुरें तोंड लावीत नाहींत. कुंपणाला याहून गुणी झाड कोणतें? पाणी नको, राखण नको, छाटली तरी दुप्पट फुटते. कचेऱ्यांच्या, बंगल्यांच्या आणि बागांच्या भोंवतीं ती हौसेनें लावण्यांत आली. पुढें तिचीं काळीं फळें पांखरांनीं खाल्लीं आणि बीं रानोमाळ टाकलें. ज्या गुणासाठीं तिला आणलें, त्याच गुणानें ती अजिंक्य झाली. तिला कोणी खात नाहीं, म्हणून तिच्या आसपासचें गवत चरून संपतें आणि ती तेवढी उरते. दुष्काळांत भुकेलें गुरूं चुकून तिचा पाला खातें, तर त्याचें यकृत बिघडतें, अंगावरची कातडी उन्हानें सोलवटते. २०२० त प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणें भारतांतील वाघांच्या वनांपैकीं ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्रांत घाणेरी पोंचली आहे.

दैवाची थट्टा पुढेंच आहे. जनावरांना बागेबाहेर ठेवण्यासाठीं आणलेल्या या झाडाच्या दाट जाळ्या रानडुकरांना दिवसभर लपावयास उत्तम होतात. शेताच्या कडेलाच जाळी असली म्हणजे डुकरांना दूर जावें लागत नाहीं; अंधार पडला कीं कळप भुईमुगांत किंवा मक्यांत उतरतो. घाणेरीचा वास त्यांना मुळींच त्रास देत नाहीं. कुंपण म्हणून आलेली वनस्पती चोरांची धर्मशाळा झाली.

आणि डुकराचा प्रश्न आज थट्टेचा राहिलेला नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं परवानगीवांचून त्याला मारतां येत नाहीं. कांहीं शेतकरी कुंपणाच्या तारेंत वीज सोडतात. तें बेकायदेशीर तर आहेच, पण रात्रीं पाणी द्यावयास निघालेलीं माणसेंही त्या तारेला चिकटून मेलीं आहेत. म्हणून मराठवाड्यांतल्या शेताशेतांभोंवतीं आज जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या बांधलेल्या दिसतात; कोणी न्हाव्याकडचे केंस आणून बांधावर पसरतात, कोणी फिनेलचीं फडकीं टांगतात. वासावरची ही श्रद्धा पुन्हां नव्यानें जागी झाली आहे. कांहीं दिवस गुण येतो. मग कळपाला त्या वासाची संवय होते, वासामागें माणूस नाहीं हें त्याला कळून चुकतें, आणि लुगड्याची पट्टी तेवढी वाऱ्यावर हालत राहते.

मात्र येथेंच वासाचा एक खरा उपयोगही उजेडांत आला आहे. डुक्कर पीक डोळ्यांनीं शोधीत नाहीं, नाकानें शोधतो. जमिनींत दडलेली भुईमुगाची शेंग त्याला वरून कळते ती वासानेंच. हैदराबादच्या कृषी विद्यापीठांतील संशोधकांनीं म्हणूनच अशी शिफारस केली कीं भुईमुगाच्या भोंवतीं करडईच्या चार दाट ओळी पेराव्या, मक्याच्या भोंवतीं एरंड लावावा. करडईच्या आणि एरंडाच्या वासाखालीं आंतल्या पिकाचा वास झांकला जातो, आणि नाकाची वाट चुकते. हें हांकलणें नव्हे. हें लपविणें आहे. शिवाय करडईला कांटे आहेत, एरंड जनावराला खाववत नाहीं. म्हणजे वासाच्या जोडीला दुसरें हत्यार तयारच.

दख्खनच्या कुणब्याला ही रीत कोणी नवी शिकवावयास नको होती. गव्हाच्या व हरभऱ्याच्या कडेनें करडईच्या ओळी टाकण्याची चाल या प्रांतांत फार जुनी आहे. गुरूं बांधावरून मान घालतें, तोंडाला कांटे टोंचतात, मागें सरतें. आणि हंगामाच्या शेवटीं त्याच कुंपणाचें तेल घरांत येतें. घाणेरीपासून कधीं पैशाचें उत्पन्न झालें नाहीं. करडई मात्र राखण करून वर सालभराचें तेल देते. अलीकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेंत ‘नारी-६’ नांवाची बिनकांट्याची करडई तयार झाली. पाकळ्या खुडणाऱ्या बायकांच्या बोटांना कांटे लागत नाहींत, हा तिचा मोठा गुण. कुंपणाला मात्र ती निरुपयोगी.

हिमायत बागेंत आज परभणीच्या कृषी विद्यापीठाचें फळ संशोधन केंद्र आहे. मोंगलांच्या वेळची जमीन, तीच खडकीची माती. बाहेर शहर चारी बाजूंनीं दाटलें आहे, त्यामुळें तेथें डुकराची भीति उरलेली नाहीं. पण कन्नडकडे, गौताळ्याच्या अभयारण्यालगत, मक्याला कणसें धरलीं कीं शेतकरी अजूनही मचाणावर निजावयास जातो. त्याच्या उशाशीं बॅटरी असते, पत्र्याचा डबा व काठी असते, आणि बांधावर करडई किंवा एरंड असतो. पहांटेच्या सुमारास झोंप अनावर होते. डुकरांच्या येण्याची वेळही बहुधा तीच.